टर्बो गाडीचा मॅनिफोल्ड : ताकदीआधी धातू

टर्बो बसवलेल्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर दोन कामे येऊन पडतात आणि ती एकमेकांच्या आड येतात. सिलिंडरमधून सुटलेला तापलेला वायू वेग आणि उष्णता फारशी न गमावता टर्बाइनच्या तोंडाशी पोचवायचा, हे पहिले काम. त्यासाठी नळ्या आखूड, आतून गुळगुळीत आणि उगाच ऐसपैस नसलेल्या हव्यात. दुसरे काम वजनाचे. धातू लालबुंद झालेला असताना टर्बो आणि त्यामागचा पाइप अधांतरी तोलून धरायचा, रस्त्यावरचे धक्के सोसायचे आणि इंजिन गार झाले की पुन्हा पहिल्या मापात परतायचे. बाजारातले बदली मॅनिफोल्ड जवळजवळ नेहमी पहिल्या कामाच्या जोरावर विकले जातात. अश्वशक्ती किती वाढली, टर्बो किती आरपीएमला जागा झाला, याचे आलेख पुढे केले जातात. माझे म्हणणे असे, की निवड दुसऱ्या कामावरून करावी. तडा गेलेला मॅनिफोल्ड कागदावर कितीही ताकदवान असला तरी तडा गेल्या दिवसापासून तो कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा कमी ताकद देतो.

पहिल्या कामाचे विज्ञान जुने आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी टर्बोचार्जिंगचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. पुढे १९२० च्या दशकात मोठ्या डिझेल इंजिनांवर काम करताना सिलिंडरांचे गट पाडून प्रत्येक गटाचा वायू वेगळ्या अरुंद नळीने टर्बाइनकडे न्यायची पद्धत त्यांनी पुढे आणली. कारण सोपे आहे. एक्झॉस्ट वायू सलग धारेने येत नाही, व्हॉल्व्ह उघडला की ठोक्याठोक्याने येतो. त्या प्रत्येक ठोक्यात दाबाची जी लाट असते, ती टर्बाइनला नुसत्या सरासरी दाबापेक्षा जास्त ऊर्जा देऊ शकते. मोठ्या पोकळीत सोडली की ती लाट पसरून विरते. म्हणून पहिल्या कामापुरती बोलायचे तर टर्बोच्या मॅनिफोल्डमध्ये आतली एकूण जागा हीच पहिली बघण्याची गोष्ट.

इथेच विनाटर्बो गाड्यांवरून आलेली समजूत नडते. विनाटर्बो इंजिनाच्या हेडरमध्ये नळीची लांबी अशी ठरवतात, की परतून येणारी कमी दाबाची लाट नेमक्या वेळी सिलिंडरातला उरलासुरला वायू ओढून काढील. टर्बो इंजिनात मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच चढा असतो, कित्येकदा इनटेकमधल्या बूस्टपेक्षाही चढा. तिथे त्या ओढीचा वाटा लहान होतो. लांबलचक, डौलदार नळ्या मात्र उष्णता बाहेर टाकत राहतात आणि आतली जागा वाढवत राहतात. समान लांबीचा फायदा नाही असे नव्हे. ठोके सारख्या अंतराने टर्बाइनपाशी पोचतात, प्रत्येक सिलिंडरला सारखी वागणूक मिळते आणि ट्यूनिंग करणाऱ्याचे काम सोपे होते. पण समान लांबी म्हणजे लांब लांबी नव्हे.

आकारांची दोन मुख्य घराणी आहेत. एकात एक सरळसोट नळ आणि त्याला प्रत्येक पोर्टची आखूड शाखा. याला लॉग म्हणतात. जागा कमी, किंमत कमी, मोडायला अवघड, टर्बो लवकर फिरू लागतो. वरच्या आरपीएमला मात्र ठोके एकमेकांवर आदळतात आणि टोकाच्या सिलिंडरांना वेगळा दाब सोसावा लागतो. दुसऱ्यात प्रत्येक पोर्टची स्वतंत्र वळलेली नळी येऊन एका कलेक्टरमध्ये मिळते. वरच्या टोकाला हा निर्विवाद सरस. ताकदीचे उद्दिष्ट मूळ इंजिनाच्या दीडपटीच्या आत असेल, तर चांगल्या ओतकामाचा लॉग किंवा लॉगच्या जवळचा आकार पुष्कळ झाला, असे मला वाटते.

टर्बाइनच्या घरात दोन वेगळ्या वाटा असलेला ट्विन-स्क्रोल टर्बो असेल तर मॅनिफोल्डची निवड जास्त काटेकोर होते, कारण तिथे चुकीचा मॅनिफोल्ड टर्बोचा अर्धा गुण पुसून टाकतो. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचे ४जी६३ हे दोन लिटरचे इंजिन याचे उत्तम उदाहरण. १९९६ च्या इव्होल्यूशन ४ मध्ये कंपनीने इंजिन बॉनेटखाली उलट दिशेने फिरवून बसवले आणि ट्विन-स्क्रोल टर्बो दिला. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२. पहिल्याचा वायू सुटल्यावर क्रँक १८० अंश फिरला की तिसऱ्याचा सुटतो. त्या वेळी पहिल्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो. दोघांची वाट एकच असेल तर तिसऱ्याची लाट पहिल्यात मागे शिरते, तिथला जळका वायू पुरता निघत नाही आणि नॉकिंगचा धोका वाढतो. म्हणून १ आणि ४ एका वाटेने, २ आणि ३ दुसऱ्या वाटेने. जोडीतल्या दोन ठोक्यांत मग ३६० अंशांचे अंतर पडते. सरळ सहा सिलिंडरांच्या इंजिनात, उदाहरणार्थ टोयोटाच्या २जेझेडमध्ये, क्रम १-५-३-६-२-४ असल्याने पुढचे तीन आणि मागचे तीन असे गट आपोआप जमतात.

ही विभागणी टर्बोच्या फ्लँजपर्यंत अखंड राहायला हवी. काही स्वस्त मॅनिफोल्डमध्ये कलेक्टरमधला पडदा फ्लँजच्या दोन-तीन सेंटिमीटर आधीच संपतो. काहींत दोन्ही वाटा एकाच वेस्टगेटच्या, म्हणजे जादा वायू टर्बाइनला टाळून बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, नळीत पडद्याशिवाय मिळतात. दोन्ही प्रकारांत नावापुरता ट्विन-स्क्रोल उरतो. एक वेस्टगेट वापरायचे तर त्याच्या तोंडापर्यंत मधला पडदा हवा, नाहीतर प्रत्येक वाटेला स्वतंत्र वेस्टगेट.

सुबारूच्या ईजे इंजिनांचा प्रश्न जरा वेगळा, कारण तिथे कानही मत देतो. आडव्या चार सिलिंडरांच्या या इंजिनाची ती प्रसिद्ध घरघर असमान लांबीच्या नळ्यांमुळे येते. समान लांबीचा मॅनिफोल्ड लावला की प्रतिसाद सुधारतो आणि घरघर जाते. २०१५ च्या डब्ल्यूआरएक्समधल्या एफए२० इंजिनात सुबारूनेच टर्बो खाली घेतला, ट्विन-स्क्रोल केला आणि नळ्या समान ठेवल्या. आवाजासाठी जुनी मांडणी ठेवणाऱ्या मालकाला मी नावे ठेवणार नाही. गाडी त्याची आहे. फक्त आवाज आणि ताकद एकाच नळीत मागू नयेत.

आता सर्वांत आधी विचारायला हवा तो प्रश्न : मॅनिफोल्ड बदलायची गरज आहे का? टर्बो कंपनीचाच असेल तर उत्तर बहुधा नाही असे येते. कंपन्या रस्त्यावरच्या गाडीला लहान टर्बाइन देतात, म्हणजे कमी आरपीएमला खेच मिळते. त्या लहान टर्बाइनचे तोंड हीच सगळ्यात अरुंद जागा असते. तिच्या आधीचा रस्ता रुंद करून वाहतूक फारशी वाढत नाही. खरी तपासणी अवघड नाही. मॅनिफोल्डला बारीक छिद्र पाडून धातूची नळी जोडायची आणि टर्बाइनआधीचा दाब मोजायचा. इनटेकमध्ये १.४ बार बूस्ट असताना मॅनिफोल्डमध्ये २.८ बार दिसत असेल, तर टर्बाइन गळा आवळते आहे आणि नुसता मॅनिफोल्ड बदलून तो सुटणार नाही. टर्बो बदलताना मात्र मॅनिफोल्डचा विचार त्याच बैठकीत व्हायला हवा, कारण फ्लँज बदलतो. टी२५, टी३, टी४ किंवा व्ही-बँड यांतला कोणता, टर्बो कुठे बसणार, स्टीअरिंगचा रॉड, एसीचा पाइप, रेडिएटरचा पंखा यांना जागा उरते का, डाउनपाइप कसा वळणार, हे सगळे एकदमच ठरते. त्याआधीचे पैसे इंटरकूलर, डाउनपाइप आणि नीट केलेले ट्यूनिंग यांत घालावेत.

धातूकडे वळू, कारण खरी निवड इथे होते.

डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बाइनआधी साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. टर्बो पेट्रोल इंजिनात तो ९५० च्या पुढे आणि आधुनिक इंजिनात १०५० पर्यंत. या दोनशे अंशांनी धातूची सगळी कहाणी बदलते. साधे करडे बीड या तापमानाला फुगते, ठिसूळ होते. त्यापेक्षा एसजी आयर्न, म्हणजे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेले बीड, चांगले, आणि त्यात सिलिकॉन व मॉलिब्डेनम वाढवलेला प्रकार, ज्याला फाउंड्रीत सिमो म्हणतात, सव्वाआठशे-साडेआठशे अंशांपर्यंत उत्तम टिकतो. डिझेल गाड्यांसाठी तो पुरेसा. त्यावर निकेल भरपूर असलेले डी५एस हे नाय-रेझिस्ट बीड, जे नऊशेच्या वर काम करते. त्याच्याही वर ओतीव स्टेनलेस स्टील, ज्यांतला १.४८४८ या जर्मन क्रमांकाने ओळखला जाणारा मिश्रधातू हजार अंशांच्या पलीकडे तग धरतो. कंपनीचा मॅनिफोल्ड जड आणि ओबडधोबड दिसतो; पण त्याच्यामागे तापवणे-थंड करणे यांच्या हजारो फेऱ्यांची चाचणी असते आणि त्या चाचणीतून निघालेली धातूची निवड असते. बदली मॅनिफोल्ड विकणाऱ्या लहान कारखान्याला एवढी चाचणी परवडत नाही. हा दोष नव्हे, वस्तुस्थिती आहे, आणि खरेदीदाराने ती हिशेबात धरावी.

म्हणून बदली मॅनिफोल्ड ओतीव स्वरूपात मिळत असेल तर रोजच्या गाडीसाठी माझी पहिली पसंती त्याला. धातू कोणता ते मात्र लेखी विचारून घ्यावे. ‘कास्ट’ एवढाच शब्द पुरेसा नाही.

नळ्या जोडून केलेल्या मॅनिफोल्डमध्ये तीन-चार धातू भेटतात. काळे लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, स्वस्त, वेल्डिंगला सोपे आणि तापल्यावर कमी वाढणारे. पण गंज आणि पापुद्रे चुकत नाहीत. जाड भिंतीचा माइल्ड स्टीलचा मॅनिफोल्ड सिरॅमिक कोटिंग करून वापरला तर अनेक वर्षे चालतो, आणि त्याला जो कमीपणा दिला जातो तो मला पटत नाही. स्टेनलेस ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. गंज येत नाही, पण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिले की कणांच्या सीमांवर क्रोमियमचे कार्बाइड जमते, शेजारचा भाग क्रोमियमला पारखा होतो आणि वेल्डच्या कडेने चीर धरायला सोपी जागा तयार होते. मॅनिफोल्ड प्रत्येक फेरीत याच पट्ट्यातून जातो. ३२१ मध्ये टायटॅनियम मिसळलेले असते, ते कार्बनला आधीच बांधून ठेवते. त्यामुळे ३२१ चे मोल जास्त आहे ते सीमा शाबूत राहतात म्हणून, आणि गरम असताना तो ताण थोडा बरा सोसतो म्हणून. त्याचा वितळबिंदू काही फार वेगळा नाही. ३०४एल मध्ये कार्बन कमी, म्हणून कार्बाइडचा त्रास कमी, पण गरम ताकदही कमी. मॅनिफोल्डला तो आदर्श नव्हे. इन्कोनेल ६२५ या सगळ्यांहून सरस, आणि त्याची किंमत शर्यतीच्या गाडीलाच झेपते.

भिंतीची जाडी धातूइतकीच महत्त्वाची. दीड इंची शेड्यूल १० पाइपची भिंत २.७७ मिलिमीटर, शेड्यूल ४० ची ३.६८ मिलिमीटर. बाहेरचा व्यास दोघांचा ४८.३ मिलिमीटर, म्हणजे जाडी वाढली की आतली वाट अरुंद होते. हलक्या रेसिंग नळ्या १६ गेजच्या, सुमारे १.६५ मिलिमीटरच्या. पातळ नळी उष्णता कमी शोषते, टर्बो लवकर फिरवते आणि आधार नसेल तर लवकर फाटते. टर्बोचे वजन मॅनिफोल्डवरच लटकणार असेल तर शेड्यूल १० च्या खाली जाऊ नये. पातळ नळ्या हव्यातच तर टर्बोला इंजिन ब्लॉकवरून स्वतंत्र ब्रॅकेट द्यावा आणि नळ्यांना फक्त वायू वाहू द्यावा.

पण जाडीनेही सुटत नाही असा एक प्रश्न उरतो, तो प्रसरणाचा. साधे गणित करून बघू. सिलिंडर हेडवरचा फ्लँज ४० सेंटिमीटर लांब आणि तो ५०० अंशांनी तापला. ३०४ स्टेनलेस दर अंशाला दशलक्षांश १८ या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे ३.६ मिलिमीटर. एसजी आयर्न तेवढ्याच तापमानाला अडीच मिलिमीटर. ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तो घट्ट आवळला आहे ते पाण्याने थंड राहते. नव्वद अंशांनी तापले तर त्याची वाढ ०.८ मिलिमीटर. म्हणजे स्टेनलेसच्या फ्लँजला पावणेतीन मिलिमीटर कुठेतरी सरकायचेच आहे. रेल्वे रुळांच्या सांध्यात फट ठेवते त्याच कारणासाठी इथेही जागा सोडावी लागते. चांगल्या मॅनिफोल्डमध्ये फ्लँजची भोके टोकांकडे लांबट असतात, किंवा दोन पोर्टमधला फ्लँज कापून सुटा केलेला असतो, किंवा नळ्यांना एकमेकींत सरकणारे जोड असतात. काहीच नसेल तर धातू स्वतःची वाट काढतो : फ्लँजला बाक येतो, गॅस्केट जळते, स्टड तुटतात किंवा सर्वांत लांबच्या सिलिंडरच्या नळीला वेल्डपाशी चीर जाते. मॅनिफोल्ड हातात आला की मी पहिल्यांदा नळ्यांचे वळण बघणार नाही, भोके बघीन.

मग फ्लँजची जाडी, साधारण १० ते १२ मिलिमीटर, आणि सपाटपणा. स्ट्रेट एज ठेवून फिलर गेज घालून बघावे. वेल्डिंगनंतर पृष्ठभाग मशीनवर घेतला आहे का हे लगेच कळते. मग वेल्ड. बाहेरून एकसारख्या लहरी दिसणारा टिग वेल्ड सुंदर असतो, पण आतली बाजू बोलते. वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडला नसेल तर स्टेनलेसची आतली बाजू काळपट, खरबरीत, दाणेदार होते आणि तिथूनच तडा सुरू होतो. मोबाइलचा दिवा लावून पोर्टमधून डोकावले की दिसते. ३२१ च्या नळ्यांना ३४७ ची फिलर रॉड वापरली का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ज्याला उत्तर येत नाही त्याच्याकडून ३२१ चे पैसे देऊन मॅनिफोल्ड घेऊ नये.

बाहेरचे वेस्टगेट असेल तर त्याची नळी कुठून निघते ते बघावे. वायू पुढे धावतो आहे आणि वेस्टगेटची फांदी काटकोनात किंवा उलट दिशेने फुटली आहे, अशी रचना पुष्कळ दिसते. वायू एवढे तीव्र वळण घेत नाही. वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट चढत राहतो. इंजिनाला धोका कमी बूस्टचा नसतो, ताब्यात नसलेल्या बूस्टचा असतो. मोठे वेस्टगेट चुकीच्या जागी लावण्यापेक्षा मध्यम वेस्टगेट प्रवाहाच्या दिशेत लावणे कधीही बरे.

उष्णतेच्या पट्ट्या गुंडाळायच्या की नाही यावर मतभेद आहेत. पट्टी बॉनेटखालची उष्णता कमी करते आणि वायूची ऊर्जा टर्बाइनपर्यंत टिकवते, हे खरे. पण तेवढीच उष्णता धातूत कोंडली जाते आणि ३०४ ला तापमानाची जी सीमा ओलांडायची नाही ती तो ओलांडतो. मी नळ्यांवर पट्टी बांधण्याऐवजी सिरॅमिक कोटिंग आणि मधे हवेची फट ठेवून पत्र्याचे हीट शील्ड सुचवीन.

नटबोल्टची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ट्रॅकवर मॅनिफोल्डइतकेच हे नटबोल्ट हार मानतात. माझ्दाच्या एमएक्स-५ या छोट्या गाडीला जगभर टर्बो बसवले जातात आणि ट्रॅकवर पळवणाऱ्यांची सगळ्यात जुनी तक्रार हीच, की टर्बो आणि मॅनिफोल्डमधले नट दर काही फेऱ्यांनंतर ढिले होतात. तापलेला साधा स्टड ताणला जातो आणि गार झाल्यावर त्याची पकड राहत नाही. उपाय म्हणून तिथे इन्कोनेलचे स्टड आणि स्वतः पकड धरणारे लॉकनट रुळले. रस्त्यावरच्या गाडीला एवढे लागत नाही. चांगल्या दर्जाचे नवे स्टड, अनेक पदरी स्टीलचे गॅस्केट आणि पहिल्या दोन-तीन तापण्यानंतर इंजिन थंड असताना पुन्हा टॉर्क तपासणे, इतके पुरते.

वापरानुसार उत्तर बदलते, आणि ते ठामपणे सांगता येते. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या व्हॅली रनसारख्या ड्रॅग स्पर्धेत पूर्ण भार जेमतेम काही सेकंद असतो. मॅनिफोल्ड पुरता तापायच्या आत धाव संपते. तिथे पातळ, लांब, वरच्या आरपीएमचा मॅनिफोल्ड शोभतो. ट्रॅकवर वीस मिनिटे सलग भार असतो. तिथे ३२१, सरकते जोड आणि ब्रॅकेट यांना पर्याय नाही. आणि आंबा घाट किंवा कशेडी चढणारी, पावसात डबक्यांतून जाणारी, तापलेल्या धातूवर गार पाणी उडवून घेणारी रोजची गाडी असेल तर ओतीव लॉग.

इथल्या मालकाला आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही असे म्हटले. बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टर्बोला चिकटूनच असतो. टर्बोची जागा हलली की त्याची आणि ऑक्सिजन सेन्सरची जागाही हलते. रस्त्यावरच्या गाडीतून कन्व्हर्टर काढून टाकायला माझा स्पष्ट विरोध आहे. मागे राहणाऱ्या माणसाने तो धूर का घ्यावा?

दुसरी गोष्ट, मॅनिफोल्ड बदलण्याचा प्रश्नच उरला आहे का ते बघावे. स्कोडा लॉरामधल्या १.८ टीएसआय इंजिनात मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचे घर एकाच ओतकामात आहेत. टर्बो बदलला की मॅनिफोल्ड आपोआप बदलतो. ऑक्टाव्हिया आरएसच्या २३० पीएसच्या दोन लिटर इंजिनात आणि फोर्ड इकोस्पोर्टमधल्या एक लिटर इकोबूस्टमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्याच पोटात गेला. चाकणला बनणाऱ्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस यांच्या टीएसआय इंजिनांतही तेच. पाण्याने वेढलेल्या त्या वाटांमुळे वायू थंड होतो, इंजिन लवकर गरम होते आणि टर्बाइन वाचवण्यासाठी जादा पेट्रोल ओतावे लागत नाही. या गाड्यांच्या मालकाला मॅनिफोल्ड विकायला कोणी आला तर त्याने आधी इंजिन ओळखलेले नाही हे समजावे.

उरतात त्या जुन्या गाड्या : इव्होल्यूशन, पहिल्या पिढीची १.८टी ऑक्टाव्हिया आरएस, परदेशातून आणलेल्या सुप्रा आणि स्कायलाइन, आणि हौसेने टर्बो बसवलेली विनाटर्बो इंजिने. यांच्यासाठी ओतीव मॅनिफोल्ड दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाणार, कारण कंपन्या ते भाग बनवणे थांबवत आहेत. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री वाहन उद्योगासाठी ओतकाम करतात. जुन्या मॅनिफोल्डचे त्रिमित स्कॅन करून, छापलेल्या वाळूच्या साच्यात डी५एसचे दहा-वीस नग ओतणे आज तंत्राच्या दृष्टीने शक्य आहे. लाकडी पॅटर्नचा खर्च वाचतो. एकट्या मालकाला ते महाग पडेल. एकाच इंजिनाचे दहा मालक मिळून एका फाउंड्रीकडे गेले, तर मात्र बाहेरून मागवलेल्या ३०४ च्या चकचकीत नळ्यांपेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.